कोमट पाणी

सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडाशी सोमा मास्तर हातात कागद धरून उभा होता. संध्याकाळी विहारात त्याचं भाषण होतं. विषय, प्रज्ञा. आयुष्यातलं पहिलंच भाषण, म्हणून घरी तीनदा, वाटेत दोनदा आणि आता इथे, असं त्याचं वाचन चाललं होतं. ऐकायला एकटी आई, सुंदराबाई. ती कुंडाबाहेर, पाणी वाहून ओहोळाला मिळतं तिथे गुडघे बुडवून बसली होती. तिथवर येईपर्यंत पाणी कोमट होई. पण बौद्धवाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बसत आली होती. आता कुंडात उतरायला कुणी अडवत नव्हतं हे खरं. पण वाडीतल्या कुणी उतरूनही पाहिलं नव्हतं.

"मूळ पाली शब्द पञ्ञा," सोमाने वाचलं. "संस्कृतात प्रज्ञा. ज्ञा म्हणजे जाणणं, प्र म्हणजे पुरतं. मुळापासून जाणणं, ती प्रज्ञा."

"म्हंजे शानपन?"

"शहाणपण व्यवहारापुरतं असतं, आये. हे त्याच्या पुढचं. प्रज्ञा तीन प्रकारची. ऐकून येते ती पहिली. विचार करून येते ती दुसरी. स्वतः अनुभव घेऊन येते ती तिसरी. आणि ती तिसरी नसेल, तर पहिल्या दोन फुकट!"

या वाक्याला टाळ्या पडणार, अशी त्याची खात्री होती.

सुंदराबाईने गुडघे चोळले. "कुंडातलं पानी कडक हाय, आसं मी ल्हानपनापासून आयकते. वाफ दिसते, तवा आसंल, आसा इचार बी करते. गुडघे काय बरे होत नाय."

ती उठली. लुगड्याचा ओला काठ पिळला आणि कुंडाच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

सोमाने घाईने कुंडाकडे पाहिलं. कुंडात, खालच्या पायरीवर, कोंडाजी पाटील कमरेइतक्या पाण्यात बसले होते. सोमाची शाळा त्यांच्याच पडवीत भरे.

"आये, थांब. आज नको," तो दबक्या आवाजात म्हणाला.

ती थांबली नाही. कण्हत, एकेक पायरी उतरत ती समोरच्या बाजूला जाऊन बसली. गुडघे पाण्यात गेले तसे तिने डोळे मिटले.

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर, मास्तरकडे पाहिलं. ते अर्धे उठले. पौषातला वारा ओल्या पाठीला झोंबला, तसे पुन्हा खाली बसले.



"गुडघे का?" शेवटी पाटलांनी विचारलं.

"हां. तुमचं?"

"कंबर."

सुंदराबाईने मान हलवली. पाटलांनी ओंजळभर पाणी पाठीवर घेतलं आणि वर बघून म्हणाले, "मास्तर, तुमी नाय उतरत?"

सोमाने पायातल्या बुटांकडे पाहिलं. कागदाची घडी घातली.

"नको," तो म्हणाला. "माझं संध्याकाळी भाषण आहे."