शेवटची प्रत

"म्हणजे ह्यांचे सगळे फोटो गेले?" सुनेच्या खांद्यावरून वाकून सासूबाईंनी विचारलं.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या कॉम्प्युटरवर आजच लिनक्स ही नवी प्रणाली टाक, असा सासूबाईंनीच सकाळपासून लकडा लावला होता. आणि आता पडद्यावर आलं होतं, डिस्क रिकामी आहे! गेलेल्या सासऱ्यांचे सगळे फोटो याच डिस्कवर होते.

"दुकानात देऊ या, आई?"

"दुकानदार पुसून मोकळा होईल. तू हेच काम करायचीस ना गं?"

"सहा वर्षं झाली त्याला. हात गंजलेत माझे. म्हणून तर उद्याच्या मुलाखतीला जात नाहीये."

"नको जाऊस. मला मेलीला काय कळतंय? आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर कपाटाएवढे असायचे." सासूबाई बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला निघून गेल्या. या घरात मिठाच्या बरणीवरही नाव आणि तारीख असे.

सून चिडली, स्वतःवरच. तिने बाह्या सरसावल्या. डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याची यादी म्हणजे पार्टिशन टेबल. तेवढंच बिघडलं होतं. फोटो जागच्या जागी असणार, फक्त त्यांचा पत्ता हरवला होता. आणि त्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. अगंबाई, हे आठवतंय की आपल्याला!

तिने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला. शेवटची प्रत शाबूत निघाली. तिने आकडे दोनदा ताडून पाहिले. यादी पुन्हा लिहू का, असं पडद्यावर आलं. तिने 'हो' दाबलं.

"आई, लवकर या!"

पहिल्याच फोटोत उलटी झालेली छत्री धरून सासरे खो खो हसत होते. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तासाभरात डिस्कच्या मोकळ्या भागात लिनक्सही झोकात सुरू झालं.

"उद्या मी जातेय," सून म्हणाली. "आणि ती नोकरी मीच मिळवणार, बघाच तुम्ही!"

"बघते हो," म्हणत सासूबाई चहा टाकायला गेल्या.

मुलाखतीच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. सुईदोरा घ्यायला सुनेने सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. रिळांखाली एक छोटी डिस्क होती. तिच्यावर चिठ्ठी होती, बरण्यांवरच्या त्याच वळणदार अक्षरात. वर कालची तारीख, आणि खाली लिहिलं होतं, 'ह्यांचे सगळे फोटो. यादी बिघडवण्याआधीची प्रत.'