उसनी फुंक

“मनकर्णा खंडारे, वय अठ्ठावन्न,” डॉक्टरीणबाईंनी नाव पुकारलं आणि उठली ती मनकर्णाबाईंची बावीस वर्षांची सून.

सासूचीच ओढणी तिनं डोळ्यांपर्यंत गुंडाळली होती. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या डाळ मिलमध्ये सगळ्याच बाया अशा तोंड बांधून काम करत. कोण सासू आणि कोण सून, हे घरच्या माणसालाही चटकन ओळखू आलं नसतं. सुनेनं ओढणीच्या आतूनच श्वास मोजायच्या मशीनची नळी तोंडात धरली आणि छाती भरून फुंकलं. पडद्यावरची रेघ सरसर वर गेली.

“वा, मनकर्णाबाई!” डॉ. प्रियदर्शनी खूश झाल्या.

खऱ्या मनकर्णाबाई मागं तुरीच्या पोत्यांच्या थप्पीआड खोकला दाबून बसल्या होत्या. शेजारी सुंदराबाई. ही सगळी शक्कल सुंदराबाईंचीच. छातीची तपासणी येणार म्हटल्यावर त्यांनीच बायांना गोळा करून सांगितलं होतं, “जिची फुंक कमी, तिचं काम गेलं समजा. घरी तरण्या लेकी-सुना हायेत ना? मंग?”

डॉक्टरीणबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, की फुंक कमी आली तरी कुणाचं काम जाणार नाही, चांगली हवा हा तुमचा हक्क आहे. पण एकवीस वर्षं चाळणीवर काढलेल्या बाईला ठाऊक असतं, हक्काचं बोलणारीला आधी गेट दाखवतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. इथं तर फुंकही उसनी आणली होती.

अकरा नावं झाली. अकरा रेघा वर गेल्या. सुंदराबाई स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश होत्या.

तेवढ्यात मिलचे दिवाणजी खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. सासवांच्या जागी सुना उठताहेत हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण न दिसण्यात त्यांची सोय होती.

“मी म्हणत नव्हतो, मॅडम? आमच्या बाया ठणठणीत आहेत. मग तुम्ही म्हणता ते धूळ ओढायचं मशीन कशाला बसवायचं? लिहून टाका, गरज नाही.”

“अजून चार जणी राहिल्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण सगळ्यांचं असंच आलं, तर मलाही तसंच लिहावं लागेल.”

धुळीचं मशीन येणार की नाही ते या फुंकांवर ठरणार, हे सुंदराबाईंना आत्ता कळलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं असेल. सुंदराबाई तेव्हा सुनांच्या तोंडाला ओढण्या बांधत होत्या.

त्यांनी वर पाहिलं. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात पिवळी भुकटी तरंगत होती. इथं चहा प्यायचा तर कपावर बशी झाकावी लागते. आणि येत्या सोमवारपासून त्यांची लेक करिश्मा याच चाळणीवर उभी राहणार होती.

“सुंदराबाई सिरसाट, वय पंचावन्न.”

करिश्मा उठली. सुंदराबाईंनी तिच्या हाताला धरून तिला खाली बसवलं.

“काहून आई? माया नंबर आला ना!”

“बस खाली. तुई फुंक तुयापाशी ठेव. सोमवारपासून लागन तुले.”

सुंदराबाई स्वतः टेबलापाशी गेल्या. ओढणी पार सोडून खांद्यावर टाकली आणि दिवाणजींकडे बघतच नळी तोंडात धरली. होता नव्हता तेवढा जीव लावून त्यांनी फुंकलं. रेघ चार बोटं चढली आणि आडवी झाली. मग खोकला आला, तो थांबेचना.

डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. पडद्याकडे पाहिलं, मग समोरच्या अकरा कागदांकडे.

“आणि या अकरा फुंका?”

“आमच्या लेकी-सुनांच्या, मॅडम. ही अक्कल माईच. आमच्या छात्या तं गेल्या, पन पोरींच्या छातीवर आमी या धुळीले सर्टिफिकेट देऊन राह्यलो होतो. फाडा ते कागद. हा माया हाये, हा लिहा.”

“काम जायची भीती नाही वाटत?”

“वाटते ना. खोटं कायले बोलू?” सुंदराबाईंनी मागं वळून करिश्माकडे पाहिलं. “पन या पोरीच्या खोकल्याची जास्त वाटते.”

डॉक्टरीणबाईंनी अकराही कागद एकावर एक ठेवले आणि मधोमध फाडले. दिवाणजी ताडकन उठले. “मॅडम, असं कसं? तपासणी झालेली आहे! मिल बंद ठेवून बसलोय सकाळपासून!”

थप्पीमागं कुणीतरी खोकलं. दाबून नाही, चांगलं मोकळ्यानं. मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि टेबलाकडे निघाल्या. त्यांच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली.

“तुम्ही कुठं निघाल्या?” दिवाणजी ओरडले. “तुमचं झालं ना!”

मनकर्णाबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला.

“सुनेचं झालं, दिवाणजी. सासूचं राह्यलं.”