भुजलीचा पत्ता

"नाव सांगा नं, बाई. नावाशिवाय माणूस कसा सापडन?"

पानठेलेवाल्याने पुन्हा विचारले. चंद्रपूरच्या पठाणपुरा गेटच्या आतल्या त्या गल्लीत गुणाबाई काठी रोवून ताठ उभ्या होत्या. कुरखेड्याच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी उभा जन्म प्रश्न विचारण्यात घालवला होता. उत्तर न देण्याची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली होती.

"नाव मी घेणार नाही," त्या म्हणाल्या.

सकाळपासून स्वारी मोठ्या खुशीत होती. रस्त्यात उभे राहून खाणाऱ्या मुलींना ज्यांनी सदैव छड्या दिल्या, त्यांनी आज जटपुरा गेटपाशी रस्त्यातच उभे राहून पोहे खाल्ले आणि वरून झणझणीत रश्श्याची तर्री मागून घेतली. रामाळा तलाव पाहिला. जिथे राहून शिक्षिकेचे शिक्षण घेतले, ते वसतिगृह पाहिले. कोटाच्या भिंतीवर तळहात टेकवून पाहिला. मागे मागे धावून नात साक्षीच दमली. संध्याकाळच्या गाडीने गुणाबाई कायमच्या पुण्याला, मुलाकडे निघणार होत्या. त्याआधी आपल्या तारुण्याच्या या शहरात त्यांना एकाच व्यक्तीला भेटायचे होते.

ती त्यांची भुजली.

कुरखेड्याकडे श्रावणात घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीभर गहू पेरतात. त्याचे पिवळे कोवळे कोंब म्हणजे भुजली. दोन मैत्रिणींनी ते कोंब एकमेकींच्या कानामागे खोवले, की त्या जन्माच्या भुजल्या होतात. त्यानंतर एकमेकींचे नाव घ्यायचे नसते. घेतले, तर नाते तुटते. गुणाबाईंनी वसतिगृहात खाटेखाली बिस्किटांच्या डब्यात गहू पेरला होता आणि वर्गातल्या एका चंद्रपूरच्या मुलीशी ते नाते जोडले होते. पुढे लग्ने झाली, बदल्या झाल्या, पत्ते हरवले. भुजलीच्या माहेरच्या घराजागी आता चार मजली इमारत उभी होती. गल्लीला 'भुजली' ठाऊक नव्हती, आणि गल्लीला जे नाव ठाऊक असेल ते गुणाबाईंच्या तोंडून निघणार नव्हते.

"दिसते कशी, तेवढं तरी सांगा," पानठेलेवाला म्हणाला.

"उंच, शिडशिडीत. लांब शेपटा."

"त्या वयाच्या साऱ्या बाया आता वाकल्या, बाई. अन् शेपटा कुठून आणू?"

बघता बघता माणसे जमली. जो तो नावे सुचवू लागला. शकुंतलाबाई? टेलरीण सुलोचना? गिरणीवाल्याची सासू? गुणाबाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हो-नाई तरी म्हणा!"

"हो म्हटलं, म्हणजे घेतल्यासारखंच झालं."

"आजी, मोबाईलवर लिहून दे," साक्षीने काकुळतीने म्हटले. "मी वाचीन."

"जिभेनं घेतलं काय अन् बोटानं घेतलं काय, नाव ते नावच."

"गाडीची वेळ होऊन राह्यली, आजी! एकदा घेऊन टाक नं. तिले थोडीच कळन?"

गुणाबाईंनी नातीकडे पाहिले. त्यांची शाळेतली भाषा क्षणात गळून पडली.

"मले कळन नं."

पण ऊन कलत होते. पुण्याहून पुन्हा इकडे कोण आणणार होते? आज भेट झाली नाही, तर या जन्मात व्हायची नव्हती. नाव घ्यावे, तर भेट होईल. पण मग भुजली म्हणून कोणाला हाक मारायची? गुणाबाईंनी ओठ उघडले. पहिले अक्षर जिभेच्या टोकापर्यंत आले.

त्यांनी ओठ मिटून घेतले. "चल, साक्षी," त्या म्हणाल्या आणि काठी उचलून वळल्या.

"काय झालं बे? एवढी गर्दी काऊन?" समोरच्या सायकलच्या दुकानातून लटारूभाऊ हात पुसत बाहेर आले.

"ह्या बाई कोणाले तरी शोधून राह्यल्या, भाऊ. नाव काई सांगत नाई."

लटारूभाऊंचे हात थांबले. "माहीत नाई म्हणून सांगत नाई, का माहीत असून सांगत नाई?"

"माहीत असून!" साक्षी चिडून म्हणाली.

लटारूभाऊ असे काही खदखदून हसले, की पानठेल्यावरची माणसेही कारण न कळता हसू लागली. त्यांनी दुकानाचे शटर खाली ओढले आणि गुणाबाईंसमोर येऊन हात जोडले.

"चला, बाई. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईनं मले कधीचं सांगून ठेवलं आहे: कोणी बाई शोधत आली अन् मेली तरी नाव सांगत नसन, तर तिले सीधी माझ्या घरी आण, अन् नाव सांगन, तर ती माझी नोहे, तिले वाटेले लाव."