अष्टमीच्या खुंट्या

"या खुंट्या आठमीला ठोकल्यास ना रं तू?" खाडीकाठच्या पाड्यावरच्या ठमीनं विचारलं.

नागोराव नकाशा गुंडाळता गुंडाळता थांबला. तो कचेरीतला सर्वेअर, परभणीकडचा. खाडीकाठी बदली होऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. त्याच्या गावची नदी एकदा गेली की गेली, दिवसातून दोनदा परत यायची खोड तिला नव्हती.

"तिथी नाही लक्षात, मावशी. पण भरती पूर्ण होईस्तोवर उभा होतो मी. संध्याकाळचे सहा वाजले होते."

"सांजच्या सहाची भरती म्हंजी आठमीच. भांगाची भरती ती, अंग चोरून येते. आज भादव्याची पुनव हाय, वरसाचं मोटं उधान. थांब वाईच, बग."

बोईसरच्या कारखान्यांमागून येणारा नाला खाडीला मिळतो, तिथल्या काठांचा आराखडा कचेरीनं केला होता. लाल डोक्याच्या खुंट्यांपर्यंत पाण्याची हद्द. त्या हद्दीत तिवरं पुन्हा लावायची, खाडीला श्वास घेऊ द्यायचा, एकही घर ठेवायचं नाही. खुंट्यांच्या वर भराव, बगीचा, फरशीची वाट. आराखड्याला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. फक्त उरलीसुरली जुनी तिवरं, असतील तीस-चाळीस झाडं, ती खुंट्यांच्या वर राहिली होती. म्हणजे नवी तिवरं लावायची म्हणून जुनी पुरायची. सरकारी शहाणपण ते, त्याला कोण काय म्हणणार? पाड्यावरच्या बारा घरच्या बाया त्याच तिवरांच्या मुळांत हात घालून चिंबोऱ्या आणि चिखलातले निवटे मासे काढायच्या आणि बोईसरच्या बाजारात विकायच्या.

उद्या मोठे साहेब येऊन खुंट्या पास करणार होते. परवा भरावाचे ट्रक.

ठमीची लेक बायडी तिवरांच्या वरच्या अंगाला त्यांच्या झोपडीच्या दारात उभी होती; पाड्यातलं सगळ्यांत खालचं घर तेच. तिनं सकाळीच गोधड्या माळ्यावर टाकल्या होत्या. वर्षातून या एका दिवशी त्यांच्या घरात चूल पेटत नसे.

"आये, चल घरा," बायडी म्हणाली. "सायबाला कशाला शिकवतंस? आपलं घर कुटं हाय, इसरलीस का?"

ठमी विसरली नव्हती. नागोरावच्या नकाशावर तिचं घर वाचत होतं.

ऊन डोक्यावर येत गेलं तसं पाणी चढत गेलं. आवाज नाही, लाट नाही. पहिली खुंटी बुडाली, मग सगळी रांगच बुडाली. नागोरावनं गुंडाळलेला नकाशा पुन्हा उघडून पाहिला. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. पाणी जुन्या तिवरांत शिरलं. निवटे उड्या मारत खोडांवर चढून बसले. पाणी काही थांबायचं नाव घेईना. नागोराव मागे सरकला, चपला हातात घेऊन आणखी मागे सरकला, आणि सरकता सरकता ठमीच्या अंगणात आला.

पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत गेलं. चुलीच्या दगडाला लागलं आणि तिथं थांबलं.

"हितवर," ठमी म्हणाली. "दर साली. माजा बाप होता तवाबी हितवरच."

बायडी तोंड फिरवून रडायला लागली. चूक नागोरावची होती, आणि ती सुधारायची तर ह्या बाईचं घर जाणार होतं. त्याला स्वतःचाच राग आला. मघाशीच नकाशा गुंडाळून निघून गेलो असतो तर बरं, असंही वाटून गेलं.

"मावशी, मी साहेबांना चूक सांगतो. तिवरांपर्यंत खुंट्या वर घेतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण तुमच्या घराच्या अलीकडं थांबतो. दहा पावलांचा तर प्रश्न आहे. कोण बघायला येतंय पुनवेला?"

ठमीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"मंग तुज्या आठमीत नि माज्या पुनवंत फरक काय रं ऱ्हायला?" ती म्हणाली. "आज माज्यासाठी दहा पावलं सोडशील. उद्या दुसरा कोन येल, तो आपल्या मानसासाठी तिवरं सोडंल."

मग ठमीनंच नागोरावच्या पिशवीतून एक खुंटी काढली. पाणी उतरायला लागलं होतं. चुलीच्या दगडावर ओली रेघ राहिली होती. ती खाली बसली आणि त्या रेघेला लावून खुंटी दोन्ही हातांनी धरली.

"ठोक," ती म्हणाली.

नागोरावनं हातोडा उचलला, पण त्याचा हात वरच राहिला.

"ठोक रं. आनि पयलं तिवर हितंच लाव. राखंची माती हाय. मूळ धरंल."