मस्टँगची खांदशेकणी

चिखल्याच्या खाणीतले साहेब गाव सोडताना आपली अमेरिकन मस्टँग गाडी ड्रायव्हर सोमाजीला देऊन गेले. आता सोमाजीही नव्हता. गाडी विकायला त्याची बायको रुखमिणीबाई तयार होत्या, पण कोणाच्याही हाती द्यायला नव्हे.

गाडी विकत घ्यायला नागपूरहून आलेला वीरेंद्र चांगले कपडे घालून गाडीखाली सरपटत शिरला. अशा गाड्यांचे भाव चार वर्षांत दुपटीवर गेले होते, आणि पत्रा सडलेला निघाला तर तो अमेरिकेहून मागवण्यात गाडीएवढाच पैसा जाणार होता. बाहेर आला तो डोळे विस्फारून.

"आजी, पन्नास वर्षांच्या गाडीला गंजाचा ठिपका नाही. कोणतं कोटिंग केलं?"

"कायचं कोटिंग, बाबू? आमच्या घरी बैल नाई. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हिचेच खांदे शेकतो मी, खालून-वरून तूप-हळद लावून. दरसाल. दुसऱ्या दिवशी पुरनपोळी दाखवतो."

वीरेंद्र पोट धरून हसला. मग त्यानं एक आकडा सांगितला, चांगला भरभक्कम. रुखमिणीबाई हसल्या नाहीत.

"पैसे बराबर आहेत. पन तुह्या घरी हिचे खांदे कोन शेकन?"

वीरेंद्र गडबडला. गाडीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीच शेकीन, आजी."

रुखमिणीबाई आत गेल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या.

"मंग लावून दाखव. हात हलका ठेवजो, तिले गुदगुल्या होतात."