कौतुकाचा गळ

"एकजणही फसला नाही?" तेंडोलकर साहेबांचा विश्वासच बसेना.

"एकही नाही," पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळणारी शर्वाणी म्हणाली. शेजारच्या पतसंस्थेत कुणीतरी भलतीच लिंक उघडली आणि सगळे कॉम्प्युटर चोरांच्या हाती गेले, तेव्हापासून साहेबांना झोप नव्हती. म्हणून चाचणीसाठी शर्वाणीने साहेबांच्याच नावाने सगळ्यांना खोटी मेल पाठवली होती: 'तुमचं काम उत्तम आहे. प्रशस्तिपत्रासाठी इथे क्लिक करा.'

साहेब खुशीत बाहेर आले. "खातूबाई, ती मेल म्हणजे शर्वाणीने घेतलेली चाचणी होती. खोटी आहे हे ओळखलंत कसं?"

कॅशियर खातूबाई हसल्या. "त्यात काय ओळखायचं, साहेब? तुम्ही कधी कुणाला चांगलं म्हणता होय?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांना ते लागलं. खातूबाईंच्या हातून आजवर एकही चूक झाली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

संध्याकाळी बाई निघाल्या तेव्हा साहेब मुद्दाम दाराशी येऊन उभे राहिले. "बाई, तुमचं काम खरंच फार चोख असतं."

खातूबाई थबकल्या. त्यांनी हळूच शर्वाणीकडे वळून पाहिलं.

"काय गं, ही पण चाचणीच का?"