ओळख सांगणारा

"खरवडेकाका, या महिन्यात तुमची ओळख कोण सांगणार?" खिडकीतल्या यंत्राने विचारलं.

चंद्रावरच्या खाणीतून परतलेल्यांना हृदयाच्या गोळ्या फुकट मिळत. मात्र दरमहा एका नागरिकाने 'मी यांना ओळखतो' म्हणावं लागे.

"शेजारच्या सुलभाताई सांगायच्या. मंगळवारी वारल्या."

"दुसरं कोणी?"

काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "बोलतो तो तुझ्याशीच रे."

"मग मीच सांगतो. मला परवाच नागरिकत्व मिळालं."

"अभिनंदन! तुम्ही भाग्यवान," काका लगेच अहोजाहोवर आले. "मला ते मिळायला अजून सात वर्षं आहेत."

गोळ्या खिशात ठेवून ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात भेटूच."

"नाही हो, माझी बदली झालीय. चंद्रावर," यंत्र म्हणालं. "तिथं तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"